वाळवीलाही विषाणूंची लागण होते!

सांताक्रूझच्या आमच्या जुन्या इमारतीत दाराच्या चौकटीला वाळवी लागली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हिला कधी आजार होत नाही का रे?"

होतो, काकू! तिलाही विषाणूंची लागण होते. पण असे विषाणू शोधतात कसे?

1965 साली नागपूरच्या रुग्णांत चांदीपुरा विषाणू सापडला, तो प्रयोगशाळेत वाढवून. आता वाढवावं लागतंच असं नाही. कीटक वाटून त्यातला आरएनए वाचतात आणि संगणकावर आरएनए विषाणूंचं ओळखीचं जनुक शोधतात.

2016 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या अभ्यासात 220 हून अधिक अपृष्ठवंशी प्रजातींत असे 1445 विषाणू मिळाले.

मात्र वाळवीत सापडलेला विषाणू तिचाच असतो असं नाही. तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांचाही असू शकतो.