सातबाऱ्याचे दप्तर आणि संगणकातील ‘ड्रायव्हर’

शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद ज्या दप्तरात राहते ते दप्तर आता कापडी बस्त्यात बांधलेले राहिलेले नाही. खेड तालुक्यातील चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या शिवारात कारखान्यांची वसाहत उभी राहिली. काही क्षेत्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेले, राहिलेल्या गटांचे हिस्से पडले, वारसांची नावे चढली. अशा प्रत्येक बदलाची नोंद गाव नमुना सहामध्ये होऊन ती सातबाऱ्यावर उतरते, आणि हे सर्व काम आज संगणकावर चालते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करू लागला.

दप्तर संगणकात गेल्यापासून मात्र काही नव्या तक्रारी ऐकू येतात. गट क्रमांक घातला असता पडदा कोरा राहतो, किंवा ‘संपर्क होऊ शकला नाही’ असा संदेश येतो, आणि शेतकऱ्याच्या मनात धस्स होते की आपले नाव उडाले की काय. दुसऱ्या एखाद्याचे नाव अर्धेच उमटते. तिसऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. वरकरणी या तिन्ही तक्रारी ‘संगणक बिघडला’ या एकाच सदरात घातल्या जातात. वस्तुतः त्यांची कारणे निरनिराळी आहेत व उपायही निरनिराळे आहेत. ती समजण्यासाठी संगणकातील ‘ड्रायव्हर’ म्हणजे काय हे पाहणे आवश्यक आहे. चाकणच्या रस्त्यावर हा शब्द कंटेनर हाकणाऱ्यासाठी वापरला जातो. येथे अभिप्रेत असलेला ड्रायव्हर हा माणूस नसून एक लहानसा प्रोग्राम होय.

दप्तर निराळे, खिडकी निराळी

पडद्यावर जो तक्ता दिसतो, ज्यात गट क्रमांक लिहावयाचा व बटण दाबावयाचे, तो एक प्रोग्राम आहे. त्याला कार्यालयाची खिडकी म्हणता येईल. नोंदी मात्र त्या खिडकीत नसतात. त्या ‘डेटाबेस’ नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या ताब्यात असतात, आणि तो पुष्कळदा दूरच्या दुसऱ्याच संगणकावर चालतो. नोंदी ओळीओळीने मांडून ठेवणे, मागितलेली ओळ क्षणात शोधणे, एकाच ओळीवर दोघांनी एकदम हात घातल्यास एकाला थांबविणे, ही त्याची कामे. ऑरॅकल, पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर ही अशा डेटाबेसांची प्रचलित नावे होत.

यांपैकी प्रत्येकाची तारेवरून बोलण्याची रीत वेगळी आहे. संगणकाला जे अनेक क्रमांकित दरवाजे असतात त्यांपैकी ऑरॅकल सामान्यतः १५२१ क्रमांकाच्या दरवाजावर वाट पाहतो, पोस्टग्रेएसक्यूएल ५४३२ वर, तर मायएसक्यूएल ३३०६ वर. दरवाजा उघडल्यावर नाव व सांकेतिक शब्द कसा सांगावयाचा, प्रश्न कोणत्या बांधणीत पाठवावयाचा, उत्तर कोठे संपले हे कसे ओळखावयाचे, हे सारे ज्याचे त्याने ठरविलेले असते. खिडकीचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने प्रत्येक डेटाबेसची ही रीत स्वतः शिकावयाची म्हटले तर मूळ काम बाजूलाच राहील. ते काम ड्रायव्हर करतो. तो संपर्क उघडतो, ओळख पटवितो, प्रश्न नेतो, आलेले उत्तर प्रोग्रामला समजेल अशा आकड्यांत, तारखांत व अक्षरांत बदलून देतो, चूक झाल्यास तिचा संदेश परत आणतो व शेवटी संपर्क बंद करतो.

शेतकरी बंधूंना याचे उदाहरण ट्रॅक्टरच्या मागे सापडेल. ट्रॅक्टर एका कंपनीचा व रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीचा असला तरी मधला शाफ्ट बसतो, कारण पी.टी.ओ.च्या दांड्याचे सहा दाते व मिनिटाला ५४० फेरे हे माप सर्वांनी मान्य केलेले आहे. त्या मापामुळेच अवजार बदलताना ट्रॅक्टर बदलावा लागत नाही. संगणकाच्या क्षेत्रात असे सर्वमान्य माप येण्यास बराच काळ गेला. नोंदी साध्या तक्त्यांच्या रूपाने ठेवाव्यात ही कल्पना आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा त्याच दशकात त्याच कंपनीत तयार झाली व १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाण ठरले. तथापि भाषा एक झाली तरी शाफ्टचे दाते एक झाले नव्हते. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ‘ओडीबीसी’ हे जोडणीचे माप पुढे आणले आणि १९९७ साली जावा भाषेसाठी ‘जेडीबीसी’ आले. तेव्हापासून प्रोग्राम लिहिणाऱ्याने या मापाप्रमाणे मागणी करावी व ज्या त्या डेटाबेसच्या ड्रायव्हरने ती पुढे न्यावी अशी व्यवस्था रूढ झाली.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. शेतकऱ्याच्या मोबाइलमधील पीक पाहणीसारखा अॅप सहसा दप्तराशी थेट बोलत नाही. तो आपली माहिती मधल्या एका सर्व्हरवरील प्रोग्रामकडे पाठवितो, आणि ड्रायव्हर असतो तो त्या सर्व्हरवर. हे योग्यच आहे. दप्तराचा सांकेतिक शब्द लाखो मोबाइलांत वाटून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली बाजारात टांगणे होय.

पाळी आणि गळती

दप्तराशी प्रत्येक वेळी नवा संपर्क उघडण्यास वेळ लागतो, आणि डेटाबेस एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा अधिक संपर्क स्वीकारत नाही. यास्तव काही संपर्क आधीच उघडून ठेवतात व ते आळीपाळीने वापरतात. कालव्यावरील शेजपाळीसारखाच हा प्रकार आहे. एकाचे भरणे झाले की त्याने दार बंद करावयाचे व पाणी पुढच्याकडे जावयाचे. पीक पाहणीची मुदत संपत आली की एकाच दिवशी असंख्य शेतकरी नोंद करू पाहतात. पाळ्या अपुऱ्या पडतात, आणि ज्याला ठरावीक सेकंदांत पाळी मिळाली नाही त्याच्या पडद्यावर ‘संपर्क होऊ शकला नाही’ असा संदेश येतो. कधी कधी दोष गर्दीचा नसून प्रोग्रामचाच असतो. घेतलेला संपर्क तो परत करण्यास विसरतो, आणि एकेक संपर्क असा अडकून पडत गेला की गर्दी नसतानाही काम ठप्प होते. संगणकवाले यास गळती म्हणतात.

दोन्ही परिस्थितींत दप्तरातील जुनी नोंद जागच्या जागी असते. कोऱ्या पडद्यावरून नाव उडाल्याचा निष्कर्ष काढू नये, व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास हे प्रथम सांगावे. तथापि त्या क्षणी भरलेली नवी नोंद पोहोचली असे मात्र गृहीत धरू नये. कांद्याची लागवड नोंदविली आणि मध्येच संपर्क तुटला, तर पुन्हा उघडून ती नोंद दिसते की नाही हे पाहिलेच पाहिजे. पुढे अतिवृष्टी झाली आणि पंचनाम्याच्या वेळी सातबाऱ्यावर पीकच आढळले नाही, तर त्या वेळी धावाधाव करून फारसे हाती लागत नाही.

फेरफाराच्या बाबतीत ही काळजी प्रोग्राम लिहिणाऱ्याने घ्यावयाची असते. विकणाऱ्याच्या नावाला कंस करणे आणि घेणाऱ्याचे नाव चढविणे या दोन कृती आहेत. पहिली झाली आणि वीज गेली, तर जमीन कोणाचीच राहणार नाही! म्हणून दोन्ही कृती एकत्र बांधून ‘दोन्ही कर, नाहीतर एकही करू नकोस’ अशी आज्ञा ड्रायव्हरमार्फत देता येते. परंतु जेडीबीसीची मूळची सवय प्रत्येक कृती सुटी व ताबडतोब पक्की करण्याची आहे. ती सवय मुद्दाम बंद करावी लागते. जमिनीच्या दप्तराचे काम करणाऱ्याने हे विसरणे अक्षम्य मानले पाहिजे.

नावांची प्रश्नचिन्हे का होतात

मराठी नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. संगणक अक्षरे न ठेवता त्यांचे क्रमांक ठेवतो. पूर्वी मराठी टंकलेखनासाठी अनेक फॉन्ट प्रचारात होते व प्रत्येकाची क्रमांकांची मांडणी स्वतंत्र होती. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य दिसे. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी एक प्रमाण संकेत जाहीर केला. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे मोठे काम केले आहे. आज सर्वत्र युनिकोड वापरतात व त्यातील देवनागरीची मांडणी त्या भारतीय संकेताच्या आधीच्या आवृत्तीवरूनच घेतलेली आहे.

आता खिडकीचा प्रोग्राम युनिकोडमध्ये लिहितो, पण डेटाबेस किंवा ड्रायव्हर जुन्या रोमन संकेतावर बसविलेला आहे असे समजा. देवनागरी अक्षराला त्या संकेतात जागाच नसते. अशा वेळी बदल करणारा प्रोग्राम बहुधा त्या जागी प्रश्नचिन्ह घालून मोकळा होतो. ‘ज्ञानेश्वर’ या नावात काना, मात्रा व हलन्त धरून १० चिन्हे आहेत. त्यांची १० प्रश्नचिन्हे होतात. हे वाचताना घडले असेल तर चिंता नाही, कारण दप्तरात नाव शाबूत आहे. लिहितानाच घडले असेल तर मात्र दप्तरातच प्रश्नचिन्हे जाऊन बसली, आणि प्रश्नचिन्हांवरून मूळ नाव कोणताही तज्ज्ञ परत काढू शकत नाही. तीच नोंद दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. तेथे नाव नीट दिसल्यास दोष वाचण्यात आहे. पडद्यावर डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ‘ए’ वारंवार दिसत असतील, तर युनिकोडचा मजकूर जुन्या रोमन संकेताने वाचला जात आहे असे समजावे. अशा वेळी मूळ नोंद बहुधा सुरक्षित असते.

अर्धवट नावाचे कारण आणखी साधे आहे. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट इतकी जागा लागते. रोमन लिपीत ‘ज्ञानेश्वर’ ११ अक्षरांत, म्हणजे ११ बाइटांत मावतो. देवनागरीत त्याला ३० बाइट लागतात. ज्याने रोमन नावांचा अंदाज धरून नावाचा रकाना ३० बाइटांचा ठेवला, त्याच्या दप्तरात आळंदीच्या परिसरात घरोघरी आढळणारे हे नाव कसेबसे बसते आणि वडिलांच्या नावाला जागा उरत नाही. काही डेटाबेस अशी नोंद नाकारतात. काही मुकाट्याने शेपूट छाटून टाकतात, आणि हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही.

शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्थेच्या कार्यालयातही ड्रायव्हरशी गाठ पडते. टॅलीतील हिशेब एक्सेलच्या तक्त्यात घेताना हीच ओडीबीसीची जोडणी वापरतात. ‘डेटा सोर्स सापडला नाही’ असा संदेश आल्यास हिशेब गेला असे समजू नये. पुष्कळदा एक्सेल ६४ बिटांचे व ड्रायव्हर ३२ बिटांचा, असा विजोड असतो. एक्सेलच्या जातीचा ड्रायव्हर बसविला की काम होते.

तक्रार देताना ‘सर्व्हर बंद आहे’ एवढेच लिहून भागत नाही. पडद्यावरील संदेश जसाच्या तसा, तारीख व वेळ, गट क्रमांक आणि शक्य तर पडद्याचे छायाचित्र जोडावे. संपर्क झालाच नाही, नाव विद्रूप दिसले की नोंदच चुकीची आहे, हे स्पष्ट लिहावे. संपर्काचा दोष संगणक विभागाने काढावयाचा आहे, आणि ड्रायव्हर दप्तरात जे असेल तेच आणतो. नोंदच चुकीची चढली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. त्यासोबत जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची व संबंधित फेरफाराची नक्कल जोडावी.