मुखचित्रण, प्रायोगिक

छायाचित्रात टिपलेला मानवी चेहरा जसाच्या तसा न ठेवता कापणे, जोडणे, रंगविणे, एकावर एक छापणे किंवा संगणकाद्वारे गणिती फेरबदल करणे अशा प्रक्रियांनी नवी मुखाकृती घडविण्याचा कलाप्रकार. रूढ व्यक्तिचित्रणात चित्र व व्यक्ती यांतील साम्य ही कसोटी असते. येथे ते साम्य हेतुपुरस्सर ढळू दिले जाते. संगणकाच्या प्रसारानंतर हा प्रकार विशेष नावारूपास आला; तथापि त्याचा उगम संगणकात नाही. मुंबईत छायाचित्रण रुजल्यानंतर थोड्याच वर्षांत माणसे व त्यांच्यामागील दृश्ये एकमेकांपासून सोडवून पुन्हा जोडण्यात येऊ लागली होती.

पूर्वपीठिका : ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बाँबे’ ही संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली व १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातील उल्लेखनीय एतद्देशीय छायाचित्रकार होत. संस्थेच्या आरंभीच्या सभासदांपैकी विल्यम जॉन्सन याने ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बाँबे’ हा ग्रंथ दोन खंडांत (१८६३ व १८६६) प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे वरवर पाहता साधी वाटतात. प्रत्यक्षात ती जोडचित्रे आहेत. माणसांची छायाचित्रे स्वतंत्रपणे घेऊन त्यांच्या मागे दुसऱ्या व्यस्त प्रतींवरील (निगेटिव्ह) देवळे, रस्ते व घाट बसविलेले आहेत. पुष्कळ ठिकाणी हा जोड डोळ्यांना जाणवतो. चित्राखाली बहुधा व्यक्तीचे नाव नसून जातीचे किंवा व्यवसायाचे नाव असते. म्हणजे एका माणसाचा चेहरा घेऊन त्याला एका समूहाचा नमुना ठरविण्याचे काम येथे कात्री व डिंक यांनी केले. जे. फोर्ब्स वॉटसन व जॉन विल्यम के यांच्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांत (१८६८–७५) हीच दृष्टी सर्व देशाला लावलेली आढळते.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन (१८२२–१९११) याने १८७७–७८ च्या सुमारास याच्या पुढचे पाऊल टाकले. आवश्यक प्रकाशनकालाचे जितके चेहरे तितके भाग करून प्रत्येक चेहरा एकाच काचेवर अल्पकाळ छापावयाचा, अशी त्याची पद्धती होती. सर्व चेहऱ्यांचे डोळे एकाच जागी यावेत म्हणून तो चित्रे काटेकोरपणे जुळवून घेई. गुन्हेगाराचा ‘नमुनेदार’ चेहरा आपल्याला मिळेल, अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात कैद्यांचे मिश्रचित्र मूळ कैद्यांपेक्षा देखणे व सौम्य निघाले. गुन्हेगारीची खूण उमटण्याऐवजी प्रत्येकाचे व्यंग तेवढे पुसले गेले. हा प्रयोग फसला असे म्हणावे लागते. पण सरासरीचा चेहरा हा कोणाचाच चेहरा नसतो, हे त्याने निर्विवादपणे दाखविले.

छायाचित्रगृहातील परंपरा : गिऱ्हाइकाच्या इच्छेने चेहरा बदलण्याची एक निराळी परंपरा याच सुमारास वाढत होती. व्यस्त प्रतीवर शिसपेन्सिलीने सुरकुत्या व देवीचे वण घालविणे (‘रिटचिंग’), छापील प्रतीवर जलरंगाने अंगरखा, पागोटे व दागिने चढविणे, ही कामे शहरातील छायाचित्रगृहांत नित्याची झाली. मृत व्यक्तीचे स्वतंत्र छायाचित्र नसेल, तर लग्नाच्या किंवा घोळक्यातील चित्रातून तेवढाच चेहरा काढून तो कोट घातलेल्या दुसऱ्या धडावर बसवीत. पतिपत्नींनी हयातीत एकत्र छायाचित्र काढलेले नसल्यास दोघांच्या चित्रांतून एक जोडचित्र तयार होई व ते हार घालून भिंतीवर लावले जाई. सातारा-सांगलीकडील घरांतूनही अशी चित्रे दिसतात. हे काम करणारे कारागीर स्वतःला प्रयोगशील कलावंत म्हणवीत नसत. मात्र तंत्र जॉन्सनचेच होते आणि हेतू नेमका उलट. जॉन्सनच्या जोडचित्रात माणसाचे नाव गळून पडते, तर येथे नाव टिकावे म्हणूनच चेहरा जोडला जातो. चेहरा धडापासून वेगळा काढता येतो, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नव्हतीच. गौरींचे मुखवटे व पालखीतून निघणारे देवांचे मुखवटे यांना तिची सवय होती. फोटोशॉप ही आज्ञावली १९९० मध्ये बाजारात आली आणि यथावकाश या कारागिरांचे ब्रश व ब्लेड संगणकावर गेले. चौकातील वाढदिवसाच्या फ्लेक्स फलकांवर मानाप्रमाणे लहानमोठे होत जाणारे पन्नास-पन्नास चेहरे हे त्याच कौशल्याचे, काहीसे उतरलेले, रूप होय.

चित्रपटात हे तंत्र दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी आणले. छायाचित्रकार म्हणून काम केलेल्या फाळक्यांना बहुविध प्रकाशनाची जाण होती. ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. ‘कालियामर्दन’ (१९१९) च्या प्रारंभी फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिच्या मुद्राभिनयाची दृश्ये असून त्यांनंतर ती मुलगी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत कृष्णरूपात विरघळते. एक चेहरा मिटत जाऊन दुसरा उमटण्याचे भारतीय पडद्यावरील हे आद्य उदाहरणांपैकी एक आहे.

आधुनिक प्रयोग : चित्रकार अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांनी नेहरू अधिछात्रवृत्तीच्या आधारे मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ (१९६९–७२) चालविले. चित्रकार, छायाचित्रकार व चित्रपटकार यांनी एकत्र काम करावे, असा त्यामागील उद्देश होता. तेथे नलिनी मलानी (१९४६– ) यांनी कॅमेऱ्याविना छायाचित्रे व लघुचित्रपट केले. चेहरा हा पदमसींचा आयुष्यभराचा विषय. त्यांच्या ‘शीर्ष’ चित्रांतील व्यक्ती ओळखता येत नाही, आणि ती ओळखली जावी असा आग्रहही नाही. उत्तरायुष्यात त्यांनी ‘काँप्युग्राफिक्स’ या नावाने संगणकावरही रचना केल्या. मलानी यांची ‘कॅन यू हिअर मी?’ ही चलच्चित्रमाला बोटाने आयपॅडवर रेखाटलेली आहे. २०२० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल कलादालनात तिच्यातील ८८ चलच्चित्रे एकाच दालनात भिंतींवर एकमेकांत मिसळत होती. अत्याचार व हत्येला बळी पडलेल्या एका बालिकेचा न ऐकला गेलेला आवाज हे तिचे मूळ आहे, आणि त्यामुळे सतत मोडणाऱ्या, खोडल्या जाणाऱ्या तिच्या मुखाकृतींना निव्वळ तांत्रिक करामतीपलीकडचे वजन येते. दिल्लीचे विवान सुंदरम् (१९४३–२०२३) यांनी ‘रीटेक ऑफ अमृता’ (२००१–०२) या मालिकेत उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेली कौटुंबिक छायाचित्रे संगणकावर जोडली व निरनिराळ्या काळांतील अमृता शेरगिल आणि तिचे आप्त यांना एका खोलीत आणून बसविले. पुष्पमाला एन्. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासह ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ (२०००–०४) या मालिकेत वंशमापनाच्या जुन्या छायाचित्रांतील स्त्रियांच्या जागी स्वतःलाच उभे केले. जॉन्सनप्रणीत परंपरेला याहून थेट उत्तर क्वचितच दिले गेले असेल.

अंकीय प्रक्रिया : अंकीय प्रतिमा म्हणजे आकड्यांचे कोष्टक. रंगीत प्रतिमेतील प्रत्येक चित्रबिंदूला सामान्यतः ० ते २५५ मधील तीन संख्या दिलेल्या असतात. त्यामुळे दोन चेहऱ्यांची सरासरी काढणे हे अंकगणित ठरते. अमेरिकेतील नॅन्सी बर्सन (१९४८– ) यांनी ‘वॉरहेड १’ (१९८२) या मिश्रचित्रात अण्वस्त्रधारी देशांच्या नेत्यांचे चेहरे त्यांच्याकडील अण्वस्त्रांच्या प्रमाणात मिसळले. रेगन ५५ टक्के, ब्रेझनेव्ह ४५ टक्के आणि इतर तिघे प्रत्येकी एका टक्क्याहून कमी. गॉल्टनचे तंत्र येथे उपरोधासाठी वापरले आहे. वय वाढल्यावर चेहरा कसा दिसेल, हे दाखविणारी बर्सन यांची पद्धती पुढे हरवलेल्या मुलांच्या शोधासाठीही उपयोगी पडली.

इयन गुडफेलो व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या जालकपद्धतीत (‘गॅन’) दोन संगणकीय जालके परस्परांविरुद्ध काम करतात. एक प्रतिमा रचते, दुसरे ती खरी की बनावट हे ओळखते. ओळखणारे फसू लागेपर्यंत हा क्रम चालतो. २०१८–१९ मध्ये या मार्गाने अस्तित्वातच नसलेल्या माणसांचे हुबेहूब चेहरे निघू लागले. त्यांसाठी वापरलेल्या एका संग्रहात फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेले ७०,००० चेहरे होते व त्या सर्वांचे डोळे आधी जुळवून घेतलेले होते. परिणामी यंत्राने रचलेल्या या चेहऱ्यांचे डोळेही जवळजवळ एकाच जागी येतात. गॉल्टनच्या काचेची आठवण यावी, असाच हा प्रकार आहे. भारतात या तंत्राच्या कलाकृतींचे पहिले मोठे प्रदर्शन ‘ग्रेडियंट डिसेंट’ दिल्लीच्या नेचर मॉर्ट कलादालनात २०१८ मध्ये झाले. त्यात हर्षित अगरवाल, मारिओ क्लिंगेमान प्रभृतींचा सहभाग होता. क्लिंगेमान यांच्या एका कृतीत यंत्र न थांबता चेहरे रचत राहते व एकदा गेलेला चेहरा परत येत नाही.

चेहऱ्यावरील हक्क : अशा कृतींचे मूल्यमापन केवळ नवलाईवर करता येत नाही. जॉन्सनच्या ग्रंथातील माणसांप्रमाणेच त्या ७०,००० माणसांनाही आपला चेहरा कशाचे साधन झाला, हे विचारण्यात आलेले नव्हते. शिवाय संग्रहात ज्यांचे चेहरे कमी, त्यांना यंत्र नीट ओळखत नाही. जॉय ब्वोलाम्विनी व टिम्निट गेब्रू यांच्या २०१८ मधील पाहणीत चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या आज्ञावलींची चूक गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत कमाल ०.८ टक्के, तर सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळली. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अभिनेते अनिल कपूर यांचे नाव, आवाज व प्रतिमा यांच्या अनधिकृत वापराला, कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे केलेल्या वापरासह, मनाई केली. मात्र हे संरक्षण प्रसिद्ध व्यक्तीच्या दाव्यावर मिळालेले आहे. त्याच वर्षी संमत झालेल्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमातून, एखाद्याने स्वतः सर्वांसाठी खुली केलेली माहिती वगळण्यात आली आहे. त्यामुळे समाजमाध्यमावर सर्वांना दिसेल असे आपले छायाचित्र लावणाऱ्या सामान्य माणसाला आपल्या चेहऱ्याच्या पुनर्रचनेविरुद्ध या अधिनियमाचा आधार घेणे कठीण आहे.