संपातली 'बदली' सिस्टर : गद्दार की सेविका?

दवाखान्यात सिस्टरांचा संप झाला की वस्तीत दोन तट पडतात. एक म्हणतो, संप केल्याशिवाय सरकारला जाग येत नाही. दुसरा म्हणतो, आजारी माणसाने कुणाचे काय वाईट केले? या दोघांच्या मधोमध एक तिसरी बाई उभी असते. तिची बाजू कुणी मांडत नाही. ती म्हणजे संपकरी सिस्टरच्या जागी वॉर्डात उभी केलेली 'बदली' सिस्टर. कुणी नर्सिंग शाळेची विद्यार्थिनी, कुणी कंत्राटावरची, कुणी एजन्सीने पाठवलेली. ती गद्दार आहे काय? की आजाऱ्याला पाणी पाजणारी सेविका?

बौद्ध समाजाला हा प्रश्न टाळता येणार नाही. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या आपल्या वस्त्या पाहा. संपावर बसलेली सिस्टर आपली, बदली म्हणून जाणारी पोर आपली, आणि सरकारी खाटेवर पडलेला पेशंटही आपलाच. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, दहा जणांचे बळी गेले. तेव्हा जखमींना घेऊन लोक धावले ते जवळच्या राजावाडी रुग्णालयाकडे. पैसेवाल्याला खाजगी दवाखान्याचे दार उघडे असते. गरिबाला सरकारी किंवा महापालिकेच्या वॉर्डाशिवाय दुसरे दार नाही. म्हणून वॉर्ड बंद पडला की पहिला फटका आपल्याला, आणि वॉर्डातली कायम नोकरी गेली की तोही फटका आपल्यालाच.

संप कशासाठी होतात?

मे २०२२ अखेर राज्याच्या सरकारी रुग्णालयांतील परिचारिका संपावर गेल्या, त्यात मुख्य विरोध होता तो बाहेरच्या ठेकेदारामार्फत भरती करण्याला. १४ ते २० मार्च २०२३ या काळात जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, त्यातही परिचारिका होत्या. जुलै २०२५ मध्ये परिचारिकांनी आझाद मैदानात धरणे धरले, १७ जुलैला एक दिवस काम बंद ठेवले आणि १८ जुलैपासून बेमुदत संप पुकारला. वेतनातील त्रुटी दूर करा, भत्ते द्या, कंत्राटी भरती थांबवून कायम पदे भरा, या मागण्या होत्या.

दर वेळी प्रशासनाने काय केले? विद्यार्थिनींना आणि कंत्राटी परिचारिकांना वॉर्डात उभे करून काम रेटले. म्हणजे कंत्राटीकरण नको म्हणून ज्या संपावर गेल्या, त्यांचा संप कंत्राटी बाईच्याच हातून मोडायचा. ही चाल नीट समजून घेतली पाहिजे. दोन गरीब बायकांना एकमेकींसमोर उभे केले जाते, आणि ज्याने जागा रिकाम्या ठेवल्या तो बाजूला राहून गंमत पाहतो.

बदलीने वॉर्ड चालतो काय?

'बदली' हा शब्द आपल्या आजा-पणजोबांना चांगला ठाऊक होता. गिरणीच्या दारात पहाटे उभे राहायचे, कुणी गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर आत जायचे. पण साच्याचा धागा तुटला तर पुन्हा जोडता येतो. वॉर्डात तसे नाही.

कुठलीही सिस्टर ड्यूटी संपवताना पुढचीला 'ओव्हर' देते. चार नंबरच्या खाटेला इन्सुलिन किती, नऊ नंबरला कोणत्या इंजेक्शनची ॲलर्जी, कुणाचे रक्त चालू आहे, कुणाची लघवी मोजायची, हे सारे त्या ओव्हरमध्ये असते. संपाच्या सकाळी ओव्हर द्यायला कुणी नसते. दुसऱ्या वर्षाची पोर औषधाचे कपाट कोणते आणि ऑक्सिजनची चावी कुठली हेच शोधत राहते. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक असा की शिकाऊ डॉक्टर-नर्सेसच्या मोठ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आपल्या भरलेल्या वॉर्डात एरवीसुद्धा हा हिशोब जुळत नाही. संपात तर विचारायलाच नको.

अमेरिकेत तर संपाच्या काळात बदली नर्सेस पुरवणाऱ्या एजन्सीच आहेत. तिथल्या न्यूयॉर्क राज्यात १९८४ ते २००४ या वीस वर्षांतील नर्सेसच्या संपांचा अभ्यास ग्रुबर आणि क्लेनर या दोन अर्थतज्ज्ञांनी केला. संपाच्या काळात रुग्णालयात दगावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १८ ते १९ टक्क्यांनी वाढलेले त्यांना आढळले. आणि ज्या रुग्णालयांनी बदली माणसे आणली, त्यांची स्थिती न आणणाऱ्यांपेक्षा बरी नव्हती. यातून दोघांनीही धडा घ्यावा. संप हा रुग्णाच्या जिवाशी संबंधित आहे हे संपकऱ्यांनी विसरू नये, आणि बदली माणसे आणली की जबाबदारी संपली असे प्रशासनाने समजू नये.

बाबासाहेबांनी काय केले?

संप आणि संपफोडे यांचा प्रश्न आपल्या बापजाद्यांपुढेही आला होता. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. त्या काळी चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो, असे सवर्ण कामगारच म्हणत. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले की आमच्या माणसांना विणकाम खाते खुले करण्याची मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर आमच्या कामगारांनी तुमच्यासाठी उपास का काढावेत? पुढाऱ्यांना ती मागणी नाखुशीने का होईना घ्यावी लागली. १९२९ च्या संपाला तर बाबासाहेबांनी उघड विरोध केला.

पण म्हणून बाबासाहेब संपाच्या विरोधात होते असे कुणी म्हणेल तर ते साफ खोटे आहे. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले, तेव्हा विधिमंडळात त्यांनी ठणकावून सांगितले की संप करणे हा गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे होय. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप घडवून आणला.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे अर्थ उलगडतो. संपाचा हक्क हा माणूसपणाचा हक्क आहे. परंतु ज्याला संघटनेने कधी आपल्यात घेतले नाही, त्याच्याकडून संपाच्या दिवशी निष्ठा मागण्याचा अधिकार संघटनेला नाही. आजची कंत्राटी सिस्टर त्या काळच्या विणकाम खात्याबाहेरच्या कामगारासारखी आहे. काम तेच, रात्रपाळी तीच, पगार कमी, रजा नाही, आणि करार कधी संपेल याचा नेम नाही. वर्षभर जिला चहाला बोलावले नाही, जिची मागणी निवेदनात एका ओळीची नाही, तिला संपाच्या सकाळी गद्दार म्हणायचे? हा न्याय नव्हे.

तथागतांचा धडा

विनयपिटकातली गोष्ट आपण विहारात ऐकलेली आहे. अतिसाराने आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः त्याला धुतले, खाटेवर निजवले, आणि नंतर भिक्खूंना एकत्र करून सांगितले की तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असा त्यांचा भाव होता.

हा दाखला देऊन काही लोक सिस्टरांना सांगतात, सेवा करा, पगाराचे बोलू नका. ही लबाडी आहे. भिक्खूला संसार नव्हता, सिस्टरला आहे. मुलाची फी, घराचे भाडे, लोकलचा पास तिला भरावा लागतो. पण त्याच गोष्टीत दुसरी बाजूही आहे. तथागतांनी दोष त्या एकट्या आजाऱ्याला दिला नाही, ज्या संघाने त्याला टाकून दिले त्या संघाला कर्तव्याची जाणीव दिली. म्हणजे आजाऱ्याची काळजी ही एकट्यादुकट्याची नव्हे, साऱ्या संघाची जबाबदारी. संपावर जाणाऱ्या संघटनेलाही हे लागू आहे.

मग करावे काय?

संपकरी भगिनींनी अपघात विभाग, अतिदक्षता विभाग, बाळंतपणाची खोली आणि नवजात बालकांचा कक्ष यांसाठी स्वतःच्या सिस्टरांची यादी आधीच जाहीर करावी. ही कामे चालू ठेवल्याने संप दुबळा होत नाही, उलट लोक पाठीशी राहतात. कंत्राटी भगिनींना सभासद करून घ्यावे, त्यांची मागणी पहिल्या पानावर घ्यावी.

विद्यार्थिनीला दोष देऊ नये. हॉस्टेल, हजेरी, परीक्षा साऱ्यांची दोरी वरिष्ठांच्या हाती असते. तिने मात्र एवढे धैर्य करावे की जे काम शिकलेले नाही ते एकटीने करणार नाही असे इन्चार्जला लेखी द्यावे. हे हट्टाने नव्हे, रुग्णाच्या जिवासाठी.

कंत्राटी सिस्टरने आपल्या नेहमीच्या वॉर्डात नेहमीचे काम केले तर ते संपफोडेपण नव्हे. परंतु दुप्पट पैसे मिळतात किंवा कायम करण्याचे गाजर दाखवले म्हणून संपकऱ्याची जागा कायमची घेणे, ही सम्यक आजीविका म्हणता येणार नाही. कायद्यानेही मालकाला यात मोकळे रान दिलेले नाही. बेकायदा न ठरलेल्या संपात नवी माणसे भरती करणे ही अनुचित कामगार प्रथा असल्याचे औद्योगिक विवाद कायद्यात म्हटले होते आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच म्हटले आहे. मेस्मा लावून संपच बेकायदा ठरवायचा, ही त्यावरची सरकारची पळवाट. २०२३ मध्ये संप सुरू झाला त्याच दिवशी मेस्माचे विधेयक विधिमंडळात मंजूर झाले, हे ध्यानात ठेवावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे तत्त्व असे की रुग्णालयासारख्या सेवेत संपावर मर्यादा घालता येते, पण मग गाऱ्हाणे सोडवायला निःपक्षपाती आणि झटपट लवादाची सोय दिली पाहिजे. आपल्याकडे मर्यादा आली, लवाद कुठे आहे?

आणि आपण रुग्णांच्या घरच्यांनी काय करावे? राग वॉर्डातल्या पोरीवर काढू नये. ती संपात असो वा ड्यूटीवर, तिच्या अंगावर धावून जाणाऱ्याने आपल्याच मुलीवर हात उचलला असे समजावे. जागा रिकाम्या का ठेवल्या, हा जाब आमदार-नगरसेवकांना विचारावा. प्रत्येक विहारातील महिला मंडळाने वस्तीतल्या कायम, कंत्राटी आणि शिकाऊ सिस्टरांना एका रविवारी एकत्र बसवावे. पुढचा संप पुकारण्याआधी त्या एकमेकींची नावे ओळखत असतील, तर एकीला दुसरीविरुद्ध वापरणे कुणालाच सोपे जाणार नाही. बंधू-भगिनींनो, याचा विचार व्हावा. जय भीम!