माळ्यावरची गिटार

रमजान लागण्याआधी घराची साफसफाई करायची, माळे रिकामे करायचे, भिंतींना रंगाचा हात मारायचा, हा आमच्या घरचा जुना रिवाज. गेल्या साली याच कामात आमची पुतणी शिडीवर चढली आणि जुन्या रजईत गुंडाळलेली एक लांबट वस्तू घेऊन खाली उतरली. रजई सोडली तर आत गिटार. सहापैकी चारच तारा, त्याही गंजून लाल झालेल्या. पोटावर बोटभर धूळ. आतला कागदी शिक्का वाळवीने खाल्लेला, त्यामुळे कंपनीचं नाव कळायला मार्ग नाही. तिने विचारलं, "बडे अब्बा, ही अब्बूंची ना?"

घरात एकदम शांतता झाली. हो, ती तिच्या अब्बूंचीच होती.

आम्ही दोघं मियाँ-बीवी यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात राहतो, दारव्हा रस्त्याच्या बाजूला. आमचा धाकटा भाऊ इथल्याच एमआयडीसीत कामाला होता. पहिल्या पगारातून पैसे साठवून त्याने नागपूरहून ही गिटार आणली होती. त्या काळात अशा स्वस्त गिटारी बहुतेक कोलकात्याहून यायच्या. प्लायवूडचं पोट, वर चकचकीत पॉलिश, शेपटाकडे तारा अडकवायला लोखंडी पट्टी. ड्यूटीवरून आला की तो मागच्या अंगणात बसून वाजवायचा. कुणी शिकवणारा नव्हता. रेडिओ ऐकून ऐकून बोटं बसवायचा.

आमच्या मरहूम अब्बांना ते मान्य नव्हतं. एके दिवशी ते एवढंच म्हणाले, "या घरात हे नको." खरी गोष्ट सांगायची तर आम्हीही तेव्हा अब्बांच्याच बाजूने बोललो. भावाने वाद घातला नाही. गिटार रजईत गुंडाळली, माळ्यावर ठेवली आणि पुन्हा कधी तिचं नाव काढलं नाही. पाच वर्षांपूर्वी तो अल्लाहला प्यारा झाला. त्याची मुलगी आज नववीत आहे. तिने अब्बूंना वाजवताना कधी पाहिलंच नाही.

आता तिचं म्हणणं एकच होतं. ही दुरुस्त करा, मला शिकायचंय.

घरातला सवाल

आमच्या अम्मी ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी साफ सांगितलं, "तुझ्या दादांनी नाही म्हटलं होतं." मुलीची आई काहीच बोलली नाही, फक्त त्या गंजक्या तारांवरून ओढणीचं टोक फिरवत राहिली.

हा सवाल आमच्याच घरचा नाही, वाचकांपैकी पुष्कळांच्या घरात तो कधी ना कधी उठला असेल. वाद्यांबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. पुष्कळ उलेमा दफ सोडून बाकी वाद्यांना मनाई करतात. इमाम गझालींनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात समाअवर एक स्वतंत्र भाग लिहिला आहे. तंतुवाद्यांना तेही मनाईच्या यादीत घालतात. पण कारण देताना म्हणतात की ही मनाई आवाज गोड आहे म्हणून नाही, नाही तर पाखरांचा आवाजही मना झाला असता. ही वाद्यं शराबी लोकांच्या मैफलींची खूण झाली होती, म्हणून ती मनाई. दुसरीकडे चिश्ती बुजुर्गांच्या दर्ग्यांत कव्वालीची परंपरा शेकडो वर्षं चालत आली आहे. आम्ही फतवा देणारे कोणी नाही. ज्यांच्या घरी मनाई पाळली जाते, त्यांच्या भावनेची आम्हाला कदर आहे. आमच्या घरात काय झालं, तेवढंच इथे सांगतो.

अम्मींचं मन वळलं नाही, पण पोरीचा चेहरा पाहून त्या नरमल्या. त्यांनी तीन अटी घातल्या. अजान झाली की हात थांबला पाहिजे. अभ्यासाआधी गिटार हातात घ्यायची नाही. आणि लग्न-वरातीच्या पार्टीत जायचं नाही. पोरीने तिन्ही कबूल केल्या.

परकं वाद्य?

अब्बा गिटारीला "अंग्रेजांचं खूळ" म्हणायचे. आम्हालाही तसंच वाटायचं. पुतणीबरोबर वाचायला बसलो तेव्हा वेगळीच हकीकत कळली. अरबांचं जुनं वाद्य ऊद. 'अल-ऊद' म्हणजे लाकूड. याच शब्दावरून युरोपातल्या ल्यूट या वाद्याचं नाव पडलं. बगदादचा गवई झिरयाब इ.स. 822 मध्ये स्पेनमधल्या कुर्तुब्याला पोहोचला आणि त्याने ऊदला पाचवी तार जोडली, असं सांगतात. गिटार ही काही थेट ऊदची लेक नव्हे; ऊदला पडदे नसतात आणि त्याचं पोट अर्ध्या नासपतीसारखं फुगीर असतं. पण ज्या स्पेनमध्ये गिटार वाढली, तिथे ही वाद्यं शेजारी शेजारी नांदत होती. चौदाव्या शतकातल्या एका स्पॅनिश काव्यात दोन तऱ्हेच्या गिटारींचा उल्लेख येतो, एक लॅटिन आणि दुसरी मूर लोकांची, म्हणजे मुसलमानांची.

आणि इतकं दूर तरी कशाला जायचं? आपल्या महाराष्ट्रातच मिरज आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी तिथे एकोणिसाव्या शतकात सतार आणि तानपुरे बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं गाजलेलं नाव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचं लाकूड आणि पिढ्यान् पिढ्यांचा हात यांतून ही वाद्यं घडतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये वारले. ते मिरजेतच दफन आहेत, आणि ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात दरसाल संगीतसभा भरते. तंतुवाद्य घडवण्याचा हुनर आपल्या लोकांच्या हातात किती काळापासून आहे, हे पोरीला कळलं तेव्हा तिने सरळ विचारलं, "मग आपण एक दुरुस्त करू शकत नाही?"

दुरुस्तीचा हिशेब

पहिली चूक आमचीच. उत्साहात आम्ही तारांचा जाड संच आणला आणि ताणून बसवला. दोन दिवसांत शेपटाकडची लोखंडी पट्टी स्क्रूसकट उखडून आली. नंतर कळलं की पोलादी तारांच्या जाड संचाचा ताण सगळा मिळून सत्तर किलोच्या वर जातो. म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या मानेला लटकलेला असतो. जुन्या स्वस्त गिटारीला हा बोजा पेलत नाही. तिला बारीक तारा लावाव्यात. 'दहाचा संच' मागितला की दुकानदार ओळखतो. पहिली तार इंचाच्या हजार भागांतल्या दहा भागांइतकी जाड, म्हणून ते नाव. बोटांनाही त्या सोप्या जातात.

दुसरी अडचण उंचीची. तारा पडद्यांपासून फार वर होत्या. पुतणीने कंपासपेटीतली पट्टी लावून मोजलं. बाराव्या पडद्यावर पाच मिलिमीटर. ती अडीच-तीनपर्यंत असावी. इतक्या उंच तारा दाबायच्या म्हणजे बोटांतून रक्त यायचं. पुष्कळ मुलं पहिल्या महिन्यातच गिटार सोडतात. घरच्यांना वाटतं, पोराला गोडी नाही. दोष कित्येकदा पोराचा नसतो, गिटारीचा असतो.

आमच्या मोहल्ल्यातले सुतार मिस्त्री दारं-खिडक्या करणारे. गिटार त्यांनी आयुष्यात हातात घेतली नव्हती. पण लाकडाची भाषा त्यांना येत होती. त्यांनी गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावून मान सरळ आहे का ते पाहिलं. "मान ठीक आहे, काम होईल," म्हणाले. उखडलेल्या भोकांत लाकडाच्या बारीक चिपा सरस लावून ठोकल्या आणि पट्टी पुन्हा पक्की केली. मग घोडी काढली. या तऱ्हेच्या गिटारीत घोडी पोटाला चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. सपाट फरशीवर सँडपेपर ठेवून त्यांनी तिचा तळ थोडा थोडा घासला. घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. घाई केली तर लाकूड परत येत नाही, हे त्यांचं बोल आम्ही लक्षात ठेवलं.

घोडी सरकणारी असल्यामुळे तिची जागाही ठरवावी लागते. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो. तिथे तारेला बोट नुसतं टेकवून छेडली की एक बारीक, घंटेसारखा सूर निघतो. मग त्याच जागी तार दाबून छेडायची. दोन्ही सूर सारखे आले तर घोडी जागेवर आहे. दाबलेला सूर चढा आला तर घोडी शेपटाकडे सरकवायची, उतरता आला तर मानेकडे. पुतणीने हे काम एका दुपारी स्वतः केलं आणि पेन्सिलीने घोडीच्या दोन्ही बाजूंना खुणा करून ठेवल्या.

सूर लावायला हल्ली मोबाइलवर सोय आहे. पण आम्ही तिला जुनी रीतही शिकायला लावली. जाड तारेच्या पाचव्या पडद्याचा सूर म्हणजे पुढच्या मोकळ्या तारेचा सूर. फक्त तिसऱ्या तारेवरून दुसरी लावताना पाचवा नव्हे, चौथा पडदा धरायचा. यामुळे कान तयार होतो.

खुंट्यांचा नवा संच, तारा आणि मिस्त्रींची मजुरी मिळून आमचे हजार रुपये गेले. मिस्त्री पैसे घेत नव्हते, आम्हीच दिले. शिकाऊ मुलांसाठी नवी बरी गिटार घ्यायची तर चार-पाच हजार लागले असते. मात्र जुनी गिटार दर वेळी दुरुस्त करण्याजोगी असतेच असं नाही. मान धनुष्यासारखी वाकली असेल, पोट तारांच्या ओढीने बसलं असेल किंवा पडदे झिजून खड्डे पडले असतील, तर पैसा घालू नये. आठवण म्हणून भिंतीला टांगावी.

वऱ्हाडचा उन्हाळा

आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो, हवा कोरडी ठाक. लाकूड सुकतं, आखडतं, आणि पडद्यांची टोकं बोटाला बोचू लागतात. पावसाळ्यात उलट, लाकूड ओल धरतं, तारा पुन्हा वर येतात. गंमत अशी की लाखभर रुपयांच्या अस्सल लाकडी गिटारीला याचा त्रास जास्त होतो. आमच्या प्लायवूडच्या गिटारीने वीस-बावीस उन्हाळे माळ्यावर, पत्र्याखाली काढले. तरी ती तडकली नाही, ही प्लायवूडचीच मेहरबानी.

तरीही काळजी घ्यावी. गिटार पत्र्याला, खिडकीला किंवा कूलरच्या झोताला लागून ठेवू नये. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज घालून डबी पिशवीत ठेवावी. पावसाळ्यात त्याच जागी चपलांच्या खोक्यात येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात. घामाने त्या गंजतात. महिनाभर वाजवायची नसेल, रमजानमध्ये आमच्याकडे ती बंदच असते, तर तारा थोड्या सैल करून ठेवाव्यात.

जे राहून गेलं

आता ती रोज असर आणि मगरिबच्या मधे अर्धा तास मागच्या अंगणात बसते. बोटांच्या टोकांना घट्टे पडले आहेत. चार-पाच कॉर्ड जमतात. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना अजून अडखळते. आवाज काही फार गोड नाही, थोडा खोक्यासारखा येतो. स्वस्त गिटार ती स्वस्तच. अम्मी अजूनही तेवढा वेळ तसबीह घेऊन आतल्या खोलीत जातात. आम्ही त्यांना समजवायला जात नाही. त्यांचा तो हक्क आहे.

एक दिवस मात्र तिच्या आईने सांगितलं, "निकाहनंतर एकदा मी त्यांना म्हटलं होतं, काढा ना ती खाली. ते म्हणाले, घरच्यांपैकी कुणी विचारलं तर काढीन." आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. अब्बांच्या इंतकालानंतरही भाऊ नऊ वर्षं आमच्याबरोबर याच घरात होता. त्या नऊ वर्षांत आम्ही एकदाही विचारलं नाही. मनाई अब्बांची होती, पण न विचारणं आमचं होतं. मना करण्याचा हक्क बुजुर्गांना असतो. पण मना केल्यावर त्या माणसाच्या मनाचं काय झालं, हे विचारण्याची जबाबदारी घरातल्या बाकीच्यांची असते. ती आम्ही निभावली नाही. आता त्याच्यासाठी दुआ करतो, आणि त्याच्या मुलीला रोज विचारतो, आज काय शिकलीस?

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर कुणाची तरी वस्तू गुंडाळून ठेवलेली असेल. गिटार नसेल, चित्रांची वही असेल, क्रिकेटची बॅट असेल, शिवणकामाची अर्धी राहिलेली कापडं असतील. ती ज्याची आहे तो हयात असेल, तर या आठवड्यात त्याच्याजवळ बसा आणि एकदा विचारा.