परदेशातील अध्यापन सोडताना

आपल्या समाजातील लेकी-सुना दुबई-शारजाच्या शाळांतूनही अध्यापन करतात. वृद्ध सासू-सासऱ्यांसाठी परतण्याची वेळ आली, तरी राजीनामा घाईने देऊ नये. पेढी हलविताना आपण आधी येणे-देणे मिटवतो. तोच नियम येथेही लागू आहे.

तेथील कायद्यानुसार किमान एक वर्षाच्या सेवेनंतर पहिल्या पाच वर्षांसाठी प्रतिवर्षी २१ दिवसांचे व पुढे प्रतिवर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन उपदान म्हणून मिळते. करार संपल्यापासून १४ दिवसांत ते चुकते करणे बंधनकारक आहे. अनुभवपत्र मात्र निघण्यापूर्वीच हाती घ्यावे.

मायदेशी परतताच बँकेस कळवून एनआरई खाते निवासी करावे. उपदान परकीय चलनातच ठेवायचे असल्यास आरएफसी खाते उघडता येते. जुने टीईटी प्रमाणपत्र कपाटात असेल तर शोधावे. त्याची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये रद्द होऊन ते आजीवन ग्राह्य झाले आहे.

नव्या शाळेचे वेतन कमी असेल. घरच्यांनी दिरहमांशी त्याची तुलना करू नये. परिग्रह-परिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत. उत्पन्न घटलेल्या वर्षीच त्याची खरी कसोटी लागते.