आधी धवलारीण, मग हॉल

लग्न ठरलं की पहिला फोन हॉलला जातो, दुसरा केटररला, तिसरा डेकोरेटरला. ‘आपली परंपरा दिसली पाहिजे हं’ ही सूचना बहुधा या तिसऱ्या फोनवर दिली जाते. मग स्टेजमागे वारली चित्रांचा फ्लेक्स लागतो, दारात पितळी समया येतात, वऱ्हाडाला फेटे बांधले जातात. फोटो झकास निघतात. अडचण एवढीच, की परंपरा डेकोरेटरच्या गोदामात नसते. ती काही माणसांच्या गळ्यात आणि हातात असते, आणि त्यांच्या तारखा हॉलच्याही आधी धराव्या लागतात.

त्या वारली चित्राचंच घ्या. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात लग्नाआधी सवाष्णी भिंतीवर चौक लिहितात. शेणाने सारवून गेरू दिलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढीच सामग्री. मधोमध पालघट देवी, भोवती बारीक नक्षीची चौकट, बाजूच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. चौकाशिवाय लग्न नाही. आणि लग्न लावते ती गाणारी धवलेरी. 1970 च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, विधीबाहेरचं रोजचं जगणंही त्यांत आणलं; 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली कला जगभर पोचली ती अशी. पण ज्या जोडप्यात एक घर वारली आहे, त्यांनी फ्लेक्सचे पैसे वाचवून आत्या-मावश्यांना एक भिंत द्यावी. ज्यांचा काहीच संबंध नाही, त्यांनी निदान पालघट देवीचा सेल्फी पॉइंट करू नये.

रायगड-ठाण्याच्या आगरी घरांत हाच मान धवलारणीचा. आगरी हळद म्हटलं की बाहेरच्यांना डीजे आठवतो. पण मांडवात बसलेली वयस्क बाई धवले गात असते आणि विधी त्या गाण्यांच्या आधाराने पुढे सरकतो. हा गीतप्रकार केवढा जुना! तेराव्या शतकात महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. निमित्त होतं ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेचं. आद्य मराठी कवयित्री म्हणून महदंबेचं नाव घेतलं जातं ते याच धवळ्यांमुळे. अमरावती जिल्ह्यातल्या त्याच ऋद्धिपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे.

धवलारीण मात्र वेबसाइटवर सापडत नाही. उरण-पनवेलकडच्या एखाद्या मामीला विचारावं लागतं. शिवाय तिच्या गाण्याला वेळ द्यावा लागतो. हळदीची संध्याकाळ ठरवताना आधी तिला विचारायचं, मग डीजेची वेळ टाकायची; उलट क्रमाने केलं तर म्हातारी कोपऱ्यात गात बसते आणि ऐकायला कुणी नसतं.

सगळ्यांच्याच घरात असा वारसा हाताशी नसतो. तिथे मंगलाष्टकं आहेत. घरच्या काकूने नाहीतर शाळेतल्या बाईंनी ती रचायची हौस महाराष्ट्रात अजून टिकून आहे, आणि जोडप्याच्या आवडीनिवडी लग्नात आणायला याहून सोपी जागा नाही. दोघं तबला वाजवत असोत की पक्षी बघत हिंडत असोत, एका कडव्यात सगळं मावतं. वृत्त बहुधा शार्दूलविक्रीडित: चरणात 19 अक्षरं, बाराव्यानंतर यती. सुरुवातीला तीन गुरू लागतात, त्यामुळे वधूचं नाव आकांक्षा असेल तर ते पहिल्या पावलालाच चपखल बसतं. वराचं नाव विनय असेल तर त्याची तीनही अक्षरं लघू. सलग तीन लघू या चरणात एकदाच येतात, नवव्या ते अकराव्या अक्षरापर्यंत. त्याला दुसरीकडे बसवलं की गाणाऱ्याचा श्वास अडकतो आणि सगळा मांडव ‘सावधान’ची वाट बघतो.

मंगलाष्टकांतून नवं काही म्हणायची वाट महात्मा फुल्यांनी फार आधी दाखवली. 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरला भटजीविना पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. पुढे 1887 मध्ये फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधींची पुस्तिकाच काढली. तिच्यातल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न काढते आणि वराला त्यावर वचन द्यावं लागतं. ‘हटके’ लग्नाच्या शोधात असलेल्यांनी ही पुस्तिका चाळायला हरकत नाही.

हौसेला कायद्याची चौकटही असते. हिंदू विवाह कायदा, 1955 नुसार दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधीने लग्न लागू शकतं. दोन्हीकडचे सगळे विधी एका सकाळी कोंबण्याची सक्ती कायद्याने तरी केलेली नाही. पण विधी व्हायलाच हवेत. नुसतं प्रमाणपत्र मिळवून हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं. विशेष विवाह कायदा, 1954 खाली धर्म किंवा विधी आड येत नाहीत, मात्र 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात. समारंभाच्याच तारखेला नोंदणी हवी असेल तर हा महिना आधीच धरून चालावं.

गड-किल्ल्यांवर हिंडणाऱ्या जोडप्यांना लग्न गडावरच करावंसं वाटतं. 2019 मध्ये किल्ले लग्नसमारंभांसाठी देण्याची चर्चा निघाली तेव्हा उठलेलं वादळ आठवलं, तर तो नाद सोडलेलाच बरा. रुखवत आहे की! दिवाळीत अंगणात करतात तसा माती-दगडाचा किल्ला, त्यावर पेरलेले अळीव आणि पायथ्याशी साटोऱ्या-करंज्यांची ताटं. पोरंटोरं तर तिथून हलणार नाहीत.

राहता राहिला व्हिडिओवाला. धवले किंवा मंगलाष्टकं चालू असताना ड्रोन बंद ठेवायचा आणि गाणारीजवळ एक माइक नुसत्या आवाजासाठी लावायचा, हे त्याला आगाऊ रक्कम देतानाच सांगावं. आणि त्या चित्रीकरणावर सिनेमाचं गाणं चढवायचं नाही, हेही तिथेच लिहून घ्यावं.