बारा वर्षं कसली, म्हणून जमीन त्याची होते का?

“बारा वर्षं कसली की जमीन कसणाऱ्याची,” असं गावोगावी बोललं जातं. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. कोणती अर्धी, ते आज आपण पाहू.

१९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे, आपल्या खाजगी जमिनीवर कुणी उघडपणे, आपला हक्क नाकारून, स्वतः मालक असल्यासारखा सलग १२ वर्षं कब्जा ठेवला आणि आपण तेवढ्या काळात दावा लावला नाही, तर आपला हक्क संपू शकतो. याला प्रतिकूल कब्जा म्हणतात. सरकारी जमिनीसाठी ही मुदत ३० वर्षांची आहे.

पण आपणच वाट्याने दिलेली किंवा सांभाळायला दिलेली जमीन कुणी २५ वर्षं कसली, तरी नुसत्या वर्षांनी तो मालक होत नाही. परवानगीची वहिवाट प्रतिकूल नसते. मात्र “आता ही माझीच” असं म्हणून तो उघड उलटला, की त्या दिवसापासून वर्षं मोजायला लागायची.

आता माहेरच्या जमिनीचं बघू. वडिलोपार्जित जमीन भाऊ एकटा कसतो, म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. एका हिस्सेदाराचा कब्जा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. पण भावाने “तुझा यात काही हिस्सा नाही” असं स्पष्ट सांगून तिला बाजूला सारलं, तर ते तिला कळल्यापासून १२ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. “भाऊ दुखावेल, पुढच्या दिवाळीनंतर बोलू,” असं म्हणत दिवाळ्या जातात आणि मुदतही जाते.

म्हणून दरवर्षी सातबारा काढून बघा. जमीन कसायला दिली तर कागदावर लिहून घ्या. न वाचता हक्कसोड पत्रावर सही करू नका. आणि एक लक्षात ठेवा: तलाठ्याकडे अर्ज दिला, वकिलाची नोटीस पाठवली, एवढ्याने मुदत थांबत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावाच दाखल व्हावा लागतो.

वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा. एकटीला जायला अवघड वाटलं, तर गटातल्या दोघीतिघींना सोबत घ्या. पण जा, आणि वेळेत जा.